पेन्शन थांबवण्याआधी कारण लेखी द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
बेळगाव, चिक्कोडी व बैलहोंगल उपविभागांचे प्रांताधिकारी
सर्व तालुक्यांचे तहसीलदार
जिल्ह्यातील सर्व बँकांचे शाखाधिकारी

महोदय,

खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी आणि बेळगाव तालुक्यांतल्या गावांत वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांचे अर्ज भरून देणारे, त्यांच्याबरोबर नाडकचेरीत (तहसीलदारांच्या हाताखालच्या स्थानिक कचेरीत) आणि बँकेत जाणारे आम्ही काही कार्यकर्ते आहोत. गावात या पैशाला पेन्शन क्वचितच कोणी म्हणते. म्हाताऱ्यांचा पगार, विधवा पगार, अपंग पगार अशीच त्याची नावे आहेत. आमच्याकडे येणाऱ्यांत नवा पगार मागणाऱ्यांपेक्षा 'येत होता तो बंद झाला' म्हणून येणारे जास्त असतात. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

मंजुरीची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. नाडकचेरीत, 'ग्राम वन' सेवा केंद्रात किंवा सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज जातो, तलाठी चौकशी करतो, सर्कल शेरा मारतो, तहसीलदार आदेश काढतात. अर्ज दिला की सकालची (ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याच्या सरकारी व्यवस्थेची) पावती मिळते, तिच्यावर जीएससी क्रमांक आणि निकालाची तारीख असते. तारीख टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, दिवसाला २० रुपये आणि जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. २०११ च्या सकाल कायद्याने एवढी सोय केली आहे. (ती भरपाई आजवर किती जणांनी मागितली असेल ते सोडून द्या.) म्हणजे पगार सुरू करायला पावती आहे, मुदत आहे, अपील आहे. बंद करायला व्यवहारात यातले काहीच लागत नाही. एका महिन्यात पैसे येत नाहीत, एवढीच काय ती नोटीस.

ही नोटीससुद्धा लोकांना ओळखू येत नाही. सगळ्यांचेच पैसे उशिरा येण्याची आपल्याकडे सवय झाली आहे. कधी एक, कधी दोन-तीन महिने कोणाच्याच खात्यात काही पडत नाही आणि मग एकदम जमा होतात. त्यामुळे ज्या बाईचा एकटीचाच पगार अडकला आहे, तीही शेजारणीसारखी वाट पाहत बसते. शेजारणीचे आले हे कळेपर्यंत आणखी महिना जातो. मग ती पंचायतीत जाते, पंचायत नाडकचेरीला पाठवते, नाडकचेरी बँकेत पाठवते, आणि बँकेत 'आमच्याकडे आलेच नाहीत, तर आम्ही काय करणार' असे ऐकून ती परत पंचायतीत येते. या फेऱ्यांत कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येकाला आपल्या टेबलापुरते दिसते, इतकेच.

आमचे म्हणणे असे की, कारण शोधावे लागतच नाही. ते सरकारच्या हातात आधीपासून असते.

पैसे कोषागारातून खजाने-२ या संगणक प्रणालीमार्फत आधार क्रमांकावर निघतात. खाते क्रमांक त्यात पाहिला जात नाही. राष्ट्रीय भुगतान निगमच्या मॅपरमध्ये, म्हणजे कोणत्या आधाराचे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याच्या यादीत, त्या आधारापुढे ज्या बँकेचे नाव नोंदलेले असेल तिकडे ते जातात. व्यवहार फसला तर परत येताना सोबत कारण येते: आधार कोणत्याच खात्याला जोडलेला नाही, खाते बंद आहे, खाते निष्क्रिय आहे, आधारच निष्क्रिय झाला आहे. म्हणजे चिक्कोडीजवळच्या एखाद्या खेड्यातल्या म्हातारीचे ८०० रुपये का परत आले, हे संगणकाला त्याच वेळी कळलेले असते. तिला ते कळायला चार-पाच महिने लागतात, आणि तेही कोणी जाणकार भेटला तर.

या कारणांत सगळ्यांत जास्त घोळ मॅपरचा आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. मॅपरमध्ये एका आधारापुढे एकच बँक राहते आणि जिची नोंद शेवटी झाली तीच टिकते. निपाणीतल्या विडी कामगार बाईचा विचार करा. विधवा पगाराचे खाते जुन्या बँकेत, बचत गटासाठी दुसरे, आणि बाजारात मोबाइल दुकानदाराने 'पाच मिनिटांत खाते' म्हणून अंगठा घेऊन उघडून दिलेले तिसरे. त्या तिसऱ्या खात्याच्या अर्जात 'माझे सरकारी अनुदान या खात्यात यावे' अशी एक चौकट असते. दुकानदार ती भरून टाकतो, वाचून दाखवत नाही. पुढच्या महिन्यापासून तिचा पगार तिकडे जमा होतो आणि ती जुन्या पासबुकावर नोंद करून घ्यायला बँकेत रांग लावते. पगार बंद झालाच नव्हता. ज्या खात्यात तो जातो त्याचे पासबुकच तिच्याकडे नाही. गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपयेही त्याच वाटेने येतात, त्यामुळे हे निस्तरले नाही तर घरात येणारे दोन्ही पैसे एकदम दिसेनासे होतात.

बँकेच्या काउंटरवर याबाबत एक चूक नेहमी होते. 'आधार लिंक आहे का बघा' म्हटले की कर्मचारी पडद्यावर पाहून 'आहे' म्हणतो. त्याला दिसते ते केवायसीसाठी खात्याला जोडलेले आधार. अनुदानासाठी मॅपरमध्ये करायची नोंद, जिला बँकेत सीडिंग म्हणतात, ती वेगळी. तिच्यासाठी वेगळा संमती अर्ज असतो आणि तो दिल्यावर नोंद व्हायला काही दिवस लागतात. शाखाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की, पगाराचा माणूस आला तर मॅपरची स्थिती पाहून सांगा, आणि संमती अर्ज घेतला तर त्याच्या पोचपावतीवर शिक्का मारून द्या. आज ती पावती मागितली की 'होईल, जा' असे उत्तर मिळते. महिन्याने नोंद झालीच नाही असे कळले, तर दाखवायला हातात काही नसते.

ज्यांच्या घरात स्मार्टफोन आहे आणि आधारला सध्याचा मोबाइल नंबर जोडलेला आहे, त्यांनी माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहावे. सध्या कोणती बँक नोंदलेली आहे आणि ती नोंद चालू आहे की नाही ते तिथे दिसते. डीबीटी कर्नाटक ॲपवर कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या बँकेत गेले तेही कळते. अडचण अशी की, दोन्हीकडे ओटीपी लागतो आणि तो भलत्याच नंबरवर जातो. नंबर दहा वर्षांपूर्वी गोव्याला कामाला गेलेल्या मुलाचा असतो आणि ते सिम केव्हाच बंद झालेले असते. नंबर बदलायला गावातल्या बहुतेकांना स्वतः आधार केंद्रावर जाऊन ७५ रुपये भरावे लागतात. पोस्टमनकडूनही ते होते, पण पोस्टमन कोणत्या गावात कधी येणार हे कोणी जाहीर करत नाही. तेवढी तारीख पंचायतीच्या फळ्यावर लिहिली तरी पुष्कळ काम होईल.

निष्क्रिय खात्यांचे बोलायचे तर रिझर्व्ह बँकेचे निर्देश स्पष्ट आहेत. सरकारी योजनेच्या पैशासाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती वेगळी धरावीत, दोन वर्षे व्यवहार नाही म्हणून त्यांना निष्क्रिय ठरवू नये. १ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. निष्क्रिय झालेले खाते पुन्हा सुरू करायला बँकेला शुल्क घेता येत नाही. केवायसीचे नूतनीकरण, पत्ता बदललेला नसेल तर, साध्या घोषणापत्रावर होते आणि जून २०२५ च्या दुरुस्तीनंतर ते बँक मित्रामार्फतही (गावात येणाऱ्या बँकेच्या प्रतिनिधीमार्फत) करता येते. एवढे असताना ८० वर्षांच्या माणसाला केवायसीसाठी रिक्षा करून शाखेत आणायला लावणे हा नियम नव्हे, सवय आहे.

आता नावांबद्दल. शाळेच्या दाखल्यात, उताऱ्यात आणि लोकांच्या तोंडी नाव मराठी वळणाचे. रेशनकार्डावर ते कन्नडमध्ये टंकले जाते, आधारवर इंग्रजीत. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस इंग्रजीत 'डी-एन-वाय'ने लिहितो, इथला ऑपरेटर कन्नडच्या सवयीने 'जे-एन' किंवा 'जी-एन'ने लिहितो. संगणकाला ती दोन माणसे वाटतात. बायकांच्या बाबतीत गोंधळ दुप्पट होतो. आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचे, बँकेत 'बाई' लावलेले. राज्य सरकारच्या 'कुटुंब' डेटाबेसशी जुळणी करताना असे अर्ज आणि असे चालू पगारही बाजूला पडतात.

यावर लोकांना सरसकट 'आधार दुरुस्त करून आणा' असे सांगितले जाते, आणि तिथेच आमचा आक्षेप आहे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख एकदाच. रेशनकार्डाशी जुळवायला आज एक संधी घालवली आणि उद्या बँकेच्या नोंदीशी जुळवायला दुसरी, की पुढे खरी चूक निघाली तर ती माणसाला जन्मभर चिकटते. आधी आधार, बँक आणि रेशनकार्ड असे तिन्ही कागद समोर ठेवावेत, ज्या दोहोंत नाव सारखे आहे ते धरावे आणि तिसरे बदलावे. बहुतेक वेळा बदलायचे ते रेशनकार्ड असते. फरक एखाद्या अक्षराचा असेल तर तलाठ्याच्या 'ही एकच व्यक्ती आहे' अशा दाखल्यावर तहसीलदारांनी नोंद दुरुस्त करावी. फोटो तोच, गाव तेच, शेजारी तेच, एवढे पुरेसे असते.

घरभेटीच्या पडताळणीबद्दल थोडे. पडताळणी व्हावी, मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे उचलले जाऊ नयेत, याबद्दल दुमत नाही. पण तलाठी एकदा येऊन जातो, घराला कुलूप दिसते आणि 'गावात राहत नाही' असा शेरा पडतो. खानापूरकडची म्हातारी माणसे पावसाळ्यात मुलाकडे गोव्याला जाऊन राहतात, निपाणी-चिक्कोडीकडची इचलकरंजी-कोल्हापूरला. दोन-तीन महिन्यांनी परततात. कोणी दवाखान्यासाठी मिरजेत असते. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, पास्टोली, आमगाव यांसारख्या गावांत तर पावसाळ्यात नाल्यांना पाणी आले की पडताळणीला जाणारही कोण? अशा गावांची पडताळणी जून ते ऑक्टोबरमध्ये ठेवूच नये. बाकी ठिकाणी पहिल्या भेटीत माणूस सापडला नाही तर दारावर चिठ्ठी चिकटवावी, पंधरा दिवसांनी दुसरी भेट द्यावी, आणि तरीही सापडला नाही तर नाव थांबवण्याआधी पंचायतीच्या फळ्यावर लावावे.

'मयत' हा शेरा तर त्याहून जपून वापरावा. मृत्यूच्या यादीतले नाव जुळले म्हणून पगार बंद होतो, पण आपल्या एकेका गावात मारुती पाटील तिघे-चौघे असतात. वडिलांचे नाव, वय आणि घर क्रमांक जुळल्याशिवाय कोणाला मृत ठरवू नये. जिवंत माणसाला मी जिवंत आहे असा दाखला आणायला लावणे हे कोणत्याच कचेरीला शोभत नाही.

पैसे खात्यात आले तरी ते हातात पडणे हा वेगळा टप्पा. विड्या वळणाऱ्या, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या, वडगाव-शहापूरच्या मागावर आयुष्य काढलेल्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर एक बोट लागत नाही, दुसरे लागत नाही, तेल पुसून पुन्हा, पाण्याने धुऊन पुन्हा, आणि शेवटी 'उद्या या'. बोट न जुळल्यामुळे कोणाचाही लाभ अडू नये, असे परिपत्रक आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ ला काढले आहे. डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय असेल तर ती वापरावी. शाखेत तर मशीनची गरजच नाही: पासबुक आणि पैसे काढायची स्लिप पुरते. सही करता येत नसेल तर अंगठा, हात चालत नसेल तर पायाचा अंगठाही चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा कर्मचारी असावा लागतो. हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचनाही २०१७ पासून आहेत. या दोन गोष्टी शाखेच्या दर्शनी भागात कन्नड आणि मराठीत लिहून लावाव्यात.

आणि बँक मित्राच्या मशीनवर खात्यातून रक्कम गेली पण नोटा मिळाल्या नाहीत, असे झाले तर? व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा झाली पाहिजे, उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे आहेत. फसलेल्या व्यवहाराचीही चिठ्ठी निघते. ती मागून घ्यावी, फाडून टाकू देऊ नये. चिठ्ठी नसली की पुढचे सगळे भांडण तोंडी होऊन बसते.

दिव्यांगांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण त्यांची वाट दवाखान्यातून जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. ४० टक्क्यांवर प्रमाणपत्र असेल तर पगार मिळतो: ४० ते ७५ टक्क्यांपर्यंत ८००, त्यापुढे १४०० रुपये. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी वैद्यकीय मंडळापुढे. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्याची तीन महिने झाली आहे, आणि ती तरी पाळली जावी. ऐकू न येणाऱ्याची बेरा चाचणी किंवा बौद्धिक अपंगत्वाची बुद्ध्यांक चाचणी मंडळाच्या दिवशीच होईल याची खात्री नसते. मग कणकुंबीहून पहाटे निघून, बस बदलून, बेळगावला आलेले मूल आणि आई तारीख घेऊन परत जातात. कोणत्या चाचणीला कोणता वार, हे तालुका रुग्णालयात आणि पंचायतीत जाहीर असेल तर निम्म्या खेपा वाचतील.

सीमाभागातली खास अडचण अशी. कागवाडच्या माणसाला मिरज हाकेच्या अंतरावर आणि बेळगाव दिवसभराचे. निपाणीचा माणूस वर्षानुवर्षे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात उपचार घेतो. तिथल्या सरकारी रुग्णालयाने दिलेले अपंगत्वाचे प्रमाणपत्र इकडे काही ठिकाणी 'महाराष्ट्राचे आहे' म्हणून परत केले जाते. हे बेकायदा आहे. कायद्याच्या कलम ५८ नुसार प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे, आणि ज्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले तिथे अर्ज करण्याची मुभा नियमांतच आहे. शंका आली तर दिव्यांगाचा ओळख क्रमांक (यूडीआयडी) पोर्टलवर टाकून पाहावा. तहसीलदार कचेऱ्यांना आपण एका ओळीचे परिपत्रक काढले तरी हा प्रश्न संपतो.

तात्पुरत्या प्रमाणपत्रांची मुदत संपली की पगार गुपचूप थांबतो. मुदतीची तारीख नोंदीत असतेच, तेव्हा ती संपायच्या सहा महिने आधी पंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला यादी द्यावी. दर पंचायतीत दिव्यांगांसाठी नेमलेला हा माणूस घर न् घर ओळखतो, त्याच्याकडे यादीच येत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या थेट हातातली एक गोष्ट आहे. बौद्धिक अपंगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे खाते लहानपणी आईच्या पालकत्वाखाली उघडलेले असते. मूल १८ वर्षांचे झाले की बँक पैसे काढणे थांबवते आणि आईला न्यायालयातून पालकत्व आणायला सांगते. पगार जमा होत राहतो, काढता येत नाही. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ नुसार या चार प्रकारांत पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्याच्या स्थानिक समितीला आहे, तिचे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करायचे आहे, आणि त्या समितीचे अध्यक्ष आपणच आहात. समितीची बैठक कधी आहे, अर्ज कुठे द्यायचा, हे गावात कोणालाही माहीत नाही. दर दोन महिन्यांची तारीख ठरवून जाहीर करावी. व्हीआरडब्ल्यूंनी १७ वर्षांच्या मुलांचे अर्ज आधीच भरून ठेवावेत.

विधवा पगाराचे अर्ज बहुतेक मृत्यूच्या दाखल्यापाशी अडतात. नवरा मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यात वारला तर नोंद तिथल्या महापालिकेत होते, आपल्या पंचायतीत होत नाही. घरचे लोक दिवसकार्य उरकून महिन्याने पंचायतीत जातात तेव्हा हे कळते. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षापर्यंत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दवाखान्यातल्या मृत्यूची माहिती कळवणे दवाखान्याचे काम आहे, तेव्हा मृतदेह ताब्यात घेतानाच नोंद कोणत्या कार्यालयात गेली हे विचारून लिहून घ्यावे. महाराष्ट्रात लग्न होऊन गेलेली आणि नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली बाई तर दोन्हीकडे परकी ठरते. तिकडच्या रेशनकार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला येईपर्यंत इकडचे कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून पगार नाही. अशा बाईच्या रहिवासाचा निर्णय तलाठ्याच्या पंचनाम्यावर व्हावा, कार्डाची वाट पाहू नये.

दोन गोष्टी आपल्या अधिकाराबाहेरच्या आहेत, पण शासनाकडे शिफारस म्हणून पाठवाव्यात. पहिली उत्पन्नाची अट. वर्षाला ३२,००० रुपयांची मर्यादा आहे. २०२५-२६ मध्ये कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३७० रुपये. शंभर दिवस काम केले तर ३७,००० होतात. सरकारच्याच कामावर सरकारच्याच दराने राबलेली बाई सरकारच्या हिशेबात गरीब राहत नाही. परिणामी उत्पन्नाच्या दाखल्यावर खरा आकडा कोणीच लिहीत नाही, तलाठीही नाही आणि अर्जदारही नाही, आणि पडताळणी कडक झाली की सगळेच खोटे ठरतात.

दुसरी गोष्ट दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ ची. दिव्यांगांना द्यायची मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा निदान २५ टक्क्यांनी जास्त असावी, असे त्यात म्हटले आहे. २०२१ मध्ये वृद्धांच्या संध्या सुरक्षा योजनेचे १००० चे १२०० झाले आणि ४० ते ७५ टक्के दिव्यांगांचे ६०० चे ८००. बाराशेवर २५ टक्के म्हणजे १५००. आज त्याच्या जवळपास निम्मी रक्कम मिळते. दूधगंगा ओलांडून कागलला गेले की दिव्यांगाला ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये मिळतात. हे आकडे इथे रोज तोंडी तुलनेत येतात. तिकडे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही, इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा तिकडे २१,००० म्हणजे आपल्यापेक्षाही खाली आहे. केंद्राचा वाटा तर दोन्हीकडे सारखाच गोठलेला: ऐंशीच्या आतल्यांना साठीनंतर २००, विधवा आणि दिव्यांगांना ३००, गेली बारा-तेरा वर्षे तरी.

भाषेबद्दल एवढेच. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे राहू द्या. आमची मागणी घटनेच्या कलम ३५० पुरती आहे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, म्हणून पगार बंद झाल्याचा मराठीत लिहिलेला अर्ज परत करू नये. अर्जाचा नमुना कन्नडच राहू द्या, पण रकान्यांचा अर्थ सांगणारा एक मराठी तक्ता खिडकीजवळ लावा. कशावर अंगठा देतो आहोत हे माणसाला कळले पाहिजे.

शेवटी आमची मुख्य मागणी. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत प्रत्येक पंचायतीच्या फळ्यावर एक यादी लागावी. मागच्या महिन्यात ज्यांचे पैसे परत गेले किंवा थांबवले गेले त्यांची नावे, कारण आणि कुठे जायचे ते: बँक, आधार केंद्र, नाडकचेरी की दवाखाना. आधार क्रमांक अजिबात छापू नये, पेन्शन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरेत. सगळ्यांचाच निधी आलेला नसेल तर तसेही त्याच फळ्यावर लिहावे, म्हणजे लोक उगाच खेपा घालणार नाहीत. अपात्र ठरवून पगार थांबवायचा असेल तर तीस दिवस आधी लेखी नोटीस द्यावी, ती घरी पोचल्याची सही घ्यावी, आणि प्रांताधिकाऱ्यांकडे अपील कसे करायचे ते तिच्यावरच छापावे. अपिलाचा निकाल लागेपर्यंत पगार चालू ठेवावा. चूक कचेरीची किंवा बँकेची निघाली तर मधल्या सर्व महिन्यांचे पैसे द्यावेत. आज पगार पुन्हा सुरू झाला की लोक तेवढ्यावरच आनंद मानतात आणि थकबाकी तशीच बुडते.

सगळ्या जिल्ह्यात एकदम जमणार नसेल तर एका होबळीत (तालुक्यातल्या एका महसुली भागात) तीन महिने करून पाहा. कोणती होबळी ते आपण ठरवा. यादीतल्या माणसांना बँकेत आणि आधार केंद्रावर नेण्याचे, संमती अर्ज भरून देण्याचे काम आम्ही करू. कोणाचे काम कुठे अडले याची नोंद दर महिन्याला पेन्शन अदालतीत आपल्यासमोर ठेवू.

आपले,
सीमाभागातील पेन्शनधारकांचे साहाय्यक कार्यकर्ते